ट्रायपॉडला बंदी म्हणजे नेमकी कशाला बंदी?

इंग्लंडमधल्या वेल्स गावच्या कॅथेड्रलात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, चॅप्टर हाउसकडे (धर्माधिकाऱ्यांच्या सभागृहाकडे) चढत जाणारा एक दगडी जिना आहे, 13 व्या शतकातला. शेकडो वर्षं माणसं चढून-उतरून त्याच्या पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत आणि त्यांच्या कडा सरळ उरलेल्या नाहीत. वर गेल्यावर जिन्याला दोन फाटे फुटतात. एक उजवीकडे वळून चॅप्टर हाउसच्या दारात शिरतो, दुसरा समोरच्या कमानीतून सरळ पुढे जातो. 1903 साली फ्रेडरिक एच. इव्हान्स या पन्नाशीतल्या छायाचित्रकाराने या जिन्याचं चित्र घेतलं आणि त्याला ‘पायऱ्यांचा समुद्र’ असं नाव दिलं. उजवीकडचा वळसा त्याला उसळलेल्या मोठ्या लाटेसारखा दिसत होता. याच जिन्यावर त्याने आधीही प्रयत्न केले होते. कॅमेरा कुठे ठेवला की पायऱ्या नुसत्या पायऱ्या दिसतात आणि कुठे ठेवला की त्या उसळतात, हे कळायला त्याला पुन्हा तिथे यावं लागलं.

हे चित्र तीन लाकडी पायांवर उभं आहे. आज जगभरच्या ऐतिहासिक वास्तूंमध्ये नेमक्या त्या तीन पायांना सर्वात आधी अडवलं जातं. हातातला कॅमेरा चालतो, मोबाइल चालतो. ट्रायपॉड दिसला की पहारेकरी पुढे येतो. इंग्लंडमधल्या बऱ्याच कॅथेड्रलांत त्यासाठी आधी विचारावं लागतं. आपल्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांतही ट्रायपॉड लावायचा तर आगाऊ परवानगी काढावी लागते. नियम लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण या नियमामुळे एक उपकरण बाहेर राहतं, एवढाच त्याचा परिणाम नाही. एका विशिष्ट प्रकारचं चित्रच त्याने अशक्य होतं, आणि ते चित्र समाजाच्या कामाचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

इव्हान्स कोण होता हे पाहिलं तर या म्हणण्याला वजन येईल. तो 1853 साली लंडनमध्ये जन्मला. पेशाने पुस्तकविक्रेता, चीपसाइडजवळच्या क्वीन स्ट्रीटवर त्याचं दुकान होतं. ऑब्री बिअर्डस्ली हा चित्रकार पोरसवदा आणि अनोळखी होता तेव्हा इव्हान्सने त्याचं काम एका प्रकाशकासमोर ठेवलं आणि त्याला पहिलं मोठं काम मिळवून दिलं. लांब बोटांमध्ये चेहरा धरून बसलेल्या बिअर्डस्लीचं जे छायाचित्र आजही सगळीकडे छापलं जातं ते इव्हान्सचंच. फोटोग्राफीत तो शिरला सूक्ष्मदर्शकाच्या वाटेने. शंख-शिंपल्यांची सूक्ष्म रचना तो टिपायचा आणि 1887 मध्ये त्याला त्यासाठी पदकही मिळालं. 1898 साली दुकान सोडून तो पूर्णवेळ कॅमेऱ्यामागे उभा राहिला. 1900 मध्ये ‘लिंक्ड रिंग’ या छायाचित्रकारांच्या मंडळाने त्याला सभासद करून घेतलं. 1903 मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘कॅमेरा वर्क’ या छायाचित्रणाच्या नियतकालिकाने त्याच्या चित्रांना जवळजवळ एक अंक दिला आणि सोबतचा लेख जॉर्ज बर्नार्ड शॉने लिहिला.

त्या काळी फोटोला कला म्हणवून घ्यायचं तर तो रंगवलेल्या चित्रासारखा दिसला पाहिजे, असं मानणारे पुष्कळ होते. कोणी डिंक आणि रंगद्रव्य मिसळून ब्रशने प्रिंट घासायचे, कोणी निगेटिव्हवर कोरायचे, कोणी धूसर लेन्स वापरायचे. इव्हान्स यातलं काहीच करायचा नाही. साधी निगेटिव्ह, तिच्यावरून साधी प्रिंट, मध्ये हातचलाखी नाही. पण नुसती नोंद करून ठेवणं हेही त्याला पुरेसं वाटत नव्हतं. वास्तूत उभं राहिल्यावर मनात जे उमटतं ते प्रिंटमध्ये उतरलं पाहिजे, केवळ जागेचा नकाशा नव्हे, असं तो सांगायचा. ही दोन्ही पथ्यं एकत्र पाळायची तर एकच साधन उरतं, ते म्हणजे वेळ. जे नंतर हाताने घालायचं नाही ते आधी डोळ्याने शोधावं लागतं. म्हणून तो एकेका कॅथेड्रलपाशी दिवसचे दिवस, कधी आठवडेच्या आठवडे मुक्काम करायचा, कुठल्या वेळी कुठल्या खिडकीतून उजेड कुठल्या खांबावर येतो ते बघत राहायचा, आणि तिथल्या धर्माधिकाऱ्यांना गळ घालून मुख्य दालनातल्या खुर्च्या, गॅसचे दिवे हलवून घ्यायचा. त्याच्या चित्रांतली मोकळी, श्वास घेणारी फरशी अशी मिळालेली आहे.

आता या वेळेचा हिशेब आकड्यांत मांडू, कारण “ट्रायपॉड कशाला हवा, आता कॅमेरे चांगले आले आहेत” हा युक्तिवाद आकड्यांपुढेच टिकत नाही.

अंधाऱ्या दालनात, दूरच्या खिडकीचा उजेड जेमतेम पोचतो अशा ठिकाणी, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 100 आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/11 ठेवलं तर सुमारे 15 सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, म्हणजे उजेड तेवढा वेळ आत घ्यावा लागतो. तेच हातात कॅमेरा धरून घ्यायचं म्हणजे शटर निदान 1/15 सेकंद हवं. त्यासाठी अॅपर्चर एफ/2.8 पर्यंत उघडायचं, म्हणजे चार स्टॉप मिळाले (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि वेळ सेकंदावर आली. उरलेले चार स्टॉप आयएसओ 1600 करून भरायचे. चित्र येईल, पण कसं? एफ/2.8 ला जवळच्या खांबावर फोकस केला तर मागची कमान सुटते, कमानीवर केला तर समोरच्या पायरीचा दगड पिठासारखा दिसतो. याहून दोन स्टॉप अंधार असला, आणि लेण्यांच्या गाभाऱ्यात तो असतोच, तर हिशेब ट्रायपॉडवर 1 मिनिट आणि हातात आयएसओ 6400 असा होतो. मोबाइल पाच-दहा चित्रं एकावर एक जुळवून अंधार उजळतो हे खरं आहे. पण तसं करताना तो दगडाचा रवा आणि छिन्नीच्या खुणा पुसतो, कारण दगडाचा बारीक पोत आणि अंधारातल्या चित्रात येणारे खोटे ठिपके यांतला फरक त्याला नेहमीच कळत नाही. भेट दिल्याची आठवण म्हणून असं चित्र चालतं. वीस वर्षांनी तडा वाढला का हे तपासायला त्याचा उपयोग नाही.

इव्हान्सची अवस्था याहून कठीण होती. एफ/11 वरून एफ/32 वर गेलं की 15 सेकंदांची 2 मिनिटं होतात. त्याच्या काळी फिल्मच्या जागी वापरायच्या काचेच्या प्लेटा आजच्या आयएसओ 100 पेक्षा वीसपट मंद धरल्या तर 40 मिनिटं होतात. शिवाय मंद उजेडात प्लेटची संवेदनशीलता आणखी घसरते, त्यामुळे हिशेबाने आलेली वेळ प्रत्यक्षात वाढवावीच लागते. ही अडचण आजच्या फिल्मलाही आहे. इल्फर्ड कंपनीच्या एचपी 5 या फिल्मला उजेड मोजणाऱ्या मीटरने 1 मिनिट सांगितलं तर प्रत्यक्षात साडेतीन मिनिटं द्यावी लागतात, नाहीतर सावल्या कोऱ्या येतात.

या लांबलचक वेळेतच ट्रायपॉडच्या बाजूचा एक मोठा मुद्दा दडलेला आहे. 40 मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये कोणी चित्रातून 5 सेकंद चालत गेलं तर त्याच्या वाट्याला उजेडाचा 480 वा भाग येतो, म्हणजे तो चित्रात उमटतच नाही. बाकावर 10 मिनिटं बसलेली बाई मात्र पारदर्शक भुतासारखी उरते. म्हणजे गर्दी थांबवावी लागत नाही, दोऱ्या बांधाव्या लागत नाहीत, भाविकांना “जरा बाजूला व्हा” म्हणावं लागत नाही. उलट हातात कॅमेरा धरणाऱ्यालाच रिकामं दृश्य हवं असलं की लोकांना हटकावं लागतं. सूर्याचं गणित मात्र सांभाळावं लागतं. तो तासाला 15 अंश सरकतो, म्हणून फरशीवर पडलेला उन्हाचा तुकडा 40 मिनिटांत 10 अंश हलून पट्टा सोडतो. त्यासाठी ढगाळ दिवस निवडायचा, किंवा ऊन त्या खिडकीवर येण्याआधी काम उरकायचं. ज्याला आज सकाळी दहा ते अकरा एवढीच मुभा आहे त्याला हे निवडता येत नाही.

ट्रायपॉडमुळे आणखी एक गोष्ट साधते, ती म्हणजे कॅमेरा पाणसळीत उभा राहतो. उंच खांब बसवायला कॅमेरा वर कलता केला की खांब माथ्याकडे एकमेकांवर झुकतात. इव्हान्सच्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्यात प्लेटची बाजू काटेकोर उभी ठेवून फक्त लेन्स वर सरकवतात. मर्यादा अशी की लेन्स प्लेटवर पाडते ते प्रकाशाचं वर्तुळ लहान असलं तर वरचे कोपरे काळे पडतात. कॉम्प्युटरवर खांब सरळ करता येतात, पण ते करताना माथ्याकडचा भाग ताणला जातो, म्हणजे कमानीवरचं कोरीवकाम, ज्यासाठी मान वर केली होती, नेमकं तेच फिकं पडतं.

खिडक्यांचा प्रश्न राहिलाच. काळोख्या दालनातली उजळ खिडकी आणि घुमटाखालची सावली यांत सहज दहा-बारा स्टॉपचा फरक असतो. काचेच्या प्लेटमध्ये खिडकीचा झोत रसायनाच्या थरातून आरपार जाऊन मागच्या काचेवरून परततो आणि खिडकीभोवती प्रभावळ उमटते. त्यावर उपाय म्हणजे प्लेटच्या पाठीला गडद रंगाचा लेप देणं, म्हणजे झोत परतायच्या आधीच शोषला जातो. आज हाच प्रश्न दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच-सहा एक्स्पोजरं घेऊन आणि ती जोडून सोडवतात. ती जोडली जायची तर कॅमेरा केसभरही हलता कामा नये. पुन्हा तीन पायच लागतात.

एवढं करून मिळालेली निगेटिव्ह इव्हान्स प्लॅटिनमच्या कागदावर छापायचा. विल्यम विलिसने 1873 साली पेटंट घेतलेली ही रीत. आज हाताने करणारे ती अशी करतात: 8 गुणिले 10 इंचांच्या प्रिंटसाठी फेरिक ऑक्झलेट या लोहाच्या क्षाराचे साधारण 24 थेंब, प्लॅटिनमच्या क्षाराचे तेवढेच, ब्रशने कागदावर पसरायचे, मंद पिवळ्या दिव्यात सुकवायचे, निगेटिव्ह वर दाबून ऊन किंवा अतिनील दिवा द्यायचा. उजेडाने लोहाचं रूप बदलतं. मग पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात कागद सरकवला की ते लोह प्लॅटिनमला धातूच्या रूपात खाली बसवतं आणि चित्र एका क्षणात वर येतं. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या दोन-तीन न्हाण्या आणि धुणं. आम्लाची घाई केली तर लोह कागदातच राहतं आणि पांढरे भाग पिवळे पडतात. विकत मिळणाऱ्या तयार कागदाला दमट हवा लागली तर काळे भाग राखाडी व्हायचे, म्हणून तो पत्र्याच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडसोबत यायचा. या सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणजे सावलीतल्या छटा. चांदीच्या कागदावर जिथे एकच काळा दिसतो तिथे प्लॅटिनमवर तीन-चार वेगळे करडे दिसतात, आणि धातू कागदाच्या तंतूंतच बसलेला असल्याने चित्रावर चकाकी नसते. कॅथेड्रलची सावली म्हणजे नुसता अंधार नव्हे, ती जागा आहे, हे या कागदावरच सांगता येतं असं इव्हान्सला वाटायचं. प्रिंट पाहिल्यावर ते पटतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. प्लॅटिनमचा मोठा साठा रशियाच्या उरल भागातून यायचा. स्फोटकांसाठी लागणारी आम्लं बनवायलाही हाच धातू लागायचा. भाव चढले, कागद मिळेनासा झाला. पर्याय म्हणून पॅलेडियमचा कागद निघाला, पण इव्हान्सचं नवं काम जवळजवळ थांबलं. तो 1943 पर्यंत, नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत, जगला. म्हणजे हातात कला असलेली पंचवीसेक वर्षं शिल्लक होती आणि ती घडवायची अट नाहीशी झाली होती. कोणी त्याच्यावर बंदी घातली नव्हती, फक्त एका धातूचा भाव वाढला होता.

ट्रायपॉडच्या नियमाकडे मी याच नजरेने पाहतो. असा नियम एखादी कला गुन्हा ठरवत नाही, तो फक्त ती जिच्यावर उभी आहे ती अट काढून घेतो. मग ती चित्रं निघत नाहीत, आणि न निघालेल्या चित्रांबद्दल तक्रार कोण करणार? धातूच्या भावाला कोणी काही करू शकत नव्हतं. हा नियम मात्र माणसांनी लिहिला आहे, तो बदलता येतो.

विरोधातली कारणं खोटी नाहीत. ट्रायपॉडच्या पायांना अणकुचीदार टोकं असली तर जुन्या फरशा आणि जमिनीत बसवलेल्या पितळी पट्ट्या ओरखडतात. पसरलेले पाय तीन-चार फूट जागा अडवतात, त्यात अडखळून म्हातारं माणूस पडू शकतं. प्रार्थनेच्या वेळी खटपट नको, हेही योग्यच. आणि व्यावसायिक चित्रीकरणाला वेगळी परवानगी हवी याबद्दल वादच नाही. पण नियम उपकरणाला लागू आहे, वागणुकीला नाही, इथे माझा आक्षेप आहे. दिवे, मॉडेल, मदतनीस घेऊन आलेला गट आणि एकटा माणूस एका कॅमेऱ्यासह यांना एकाच अर्जाने मोजणं चूक आहे. टोकांना रबरी बूट किंवा जाड नमद्याचे तुकडे लावले की ओरखड्याचा प्रश्न संपतो. दरवाजे उघडायच्या आधीचा एक तास दिला की अडखळण्याचाही संपतो. फ्लॅशला अजिंठ्यात मनाई आहे ती मला पूर्ण मान्य आहे. आणि ती मान्य असलेल्याने ट्रायपॉडची बाजू घेतलीच पाहिजे, कारण जास्तीचा उजेड न टाकता अंधारात चित्र घ्यायचा तोच मार्ग आहे.

अजिंठ्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1844 पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढल्या, त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 अशी वर्षं घालवून पुन्हा काढल्या. त्यांतल्या अनेक 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. मूळ भिंती मधल्या काळात आणखी फिकट होत गेल्या. नंतर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी तिथल्या मंद उजेडातच, फ्लॅश न वापरता चित्रं घेतली आणि लोकांनी त्या भिंतींचे रंग जणू पहिल्यांदा पाहिले. फोटोग्राफीची संस्था मुंबईत 1854 सालीच उभी राहिली होती. एवढी जुनी परंपरा असलेल्या प्रदेशात लेण्यातली सावली नीट टिपणारे लोक बोटांवर मोजण्याइतके असावेत, यामागे कलेचं दारिद्र्य नाही. परवानगीचा खेटा हे त्यातलं मोठं कारण आहे. अर्ज द्यायचा, तारीख मिळायची, आणि त्या तारखेला आभाळ कसं असेल ते कोणाच्या हाती नाही.

सरकारी खात्याची स्वतःची छायाचित्रं असतात, मग बाहेरच्यांची गरज काय, असंही म्हटलं जातं. खात्याची नोंद हवीच. पण ती ठरलेल्या कोनातून, भरपूर उजेडात, मोजपट्टीसह घेतात, आणि तेच बरोबर आहे. इव्हान्सने दाखवलं की जिना किती झिजला आहे हे आणि तो झिजण्यात काय सुंदर आहे हे एकाच चित्रात येऊ शकतं. लोक वास्तू जपायला पैसे आणि मतं देतात ती यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी, त्या सौंदर्यासाठी. मोजपट्टीचं चित्र पाहून कोणाचा जीव जिन्यात गुंतत नाही.

मग करायचं काय? प्रत्येक संरक्षित वास्तूत महिन्याला चार सकाळी, दार उघडण्याआधीचा एक तास, एका वेळी दोनच ट्रायपॉड. शुल्क प्रवेशाच्या तिकिटाइतकंच. रबरी बूट सक्तीचे, दिवे आणि फ्लॅश बंद, पेडस्टलवर किंवा कोरीव भागावर काही टेकवायचं नाही. भिंतीपासून निदान 3 फूट अंतर. आभाळाने दगा दिला तर तारीख एकदा पुढच्या फेरीत फुकट बदलून मिळावी, ही अट लहान वाटते पण सर्वात महत्त्वाची आहे. आणि बदल्यात प्रत्येकाने एक पूर्ण आकाराचं चित्र वास्तूच्या दप्तरी द्यावं. त्यासोबत एका कागदावर तारीख, वेळ, आभाळ, लेन्सची फोकल लेंग्थ, जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची आणि कुठल्या खांबापासून किती फुटांवर तो उभा होता हे लिहून द्यावं, म्हणजे तीस वर्षांनी येणारा नेमका त्याच फरशीवर पाय रोवून उभा राहू शकेल.